चार एकरांना केवढा ट्रॅक्टर?

नोकरीसाठी गाव सोडून चाळीस वर्षे झाली, मुले पुण्यात वाढली, सून ठाण्याची आली, तरी सातबाऱ्यावरचे नाव काही पुसले जात नाही. शाळेच्या भूगोलात ज्याला आपण उस्मानाबाद म्हणत आलो आणि २०२३ पासून जो अधिकृतपणे धाराशिव झाला, त्या जिल्ह्यातली अशी किती तरी घरे आज सोलापूर, पुणे, मुंबई इथल्या ब्लॉकांतून नांदत आहेत. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला ही मंडळी गावी जातात. रानात कडब्याच्या खोपीपाशी पांडवांची पूजा होते. भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबील यांवर हात मारून सगळे झाडाखाली लवंडतात. आणि नेमक्या त्या सुखाच्या घटकेला गावी शेती पाहणारा धाकटा भाऊ हळूच विषय काढतो : “अण्णा, औंदा ट्रॅक्टर घ्यावा म्हणतो.”

इथे शहरी माणसाची पंचाईत होते. साडी उन्हात नेऊन तिचा रंग पारखणारी, फ्रीजचे दार चार वेळा उघडून पाहणारी आपली गृहिणी ट्रॅक्टरपुढे गप्प उभी राहते. आणि तिचे यजमान, ज्यांनी आयुष्यात एक स्कूटर आणि एक मोटार घेतली, ते मोटारीचाच हिशेब इथे लावतात : जास्त अश्वशक्ती म्हणजे जास्त चांगले. वाचकहो, हा लेख त्यांच्यासाठी आहे. कारण पैसे बहुधा त्यांच्याच खिशातून जायचे असतात.

आधी जमिनीचे पाहू. महाराष्ट्रात १९७०-७१ साली एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर, म्हणजे साडेदहा एकरांच्या आसपास जमीन होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टरवर, म्हणजे सव्वातीन एकरांवर आली. आजोबांचे एक रान, त्याचे वडिलांच्या पिढीत तीन तुकडे, आता आपल्या पिढीत सात. २००५ च्या कायद्याने बहिणींचाही बरोबरीचा वाटा झाला, आणि तो योग्यच झाला. पण गावाकडची वाटणी बहुधा लांबीने होते. रस्त्याची आणि विहिरीची बाजू प्रत्येकाला हवी असते ना! त्यामुळे रानाच्या चिंचोळ्या पट्ट्या पडतात. अशा पट्टीत पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर वळायला लागला की त्याचे मागचे अवजार शेजारच्या बांधावर जाते. मग दोन भावांत जे बोलणे होते ते छापण्याजोगे नसते.

आपण एका कुटुंबाची कल्पना करू. अण्णा सोलापुरात बँकेतून निवृत्त झालेले. बापू, त्यांचे धाकटे बंधू, नळदुर्गाजवळच्या गावी. चार एकर रान, पैकी तीन काळे, एक मुरमाड. सोयाबीन, तूर, मागाहून ज्वारी नाही तर हरभरा. बैलजोडी दोन वर्षांपूर्वी विकली, कारण वर्षातले साठ-सत्तर दिवस काम आणि तीनशे पासष्ट दिवस वैरण. सालगडी मिळत नाही. आता बापूंचा मुलगा म्हणतो, “घ्यायचं तर मोठंच घ्या. लहान ट्रॅक्टर बघून लोक हसतील.” वहिनी विचारतात, “आणि भाड्याचा आणला तर?” त्यावर बापू एकच वाक्य बोलतात, आणि माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मर्म त्या वाक्यात आहे : “वहिनी, भाड्याचा मिळतो हो. पर वाफशाला मिळत न्हाई.”

शहरात वाढलेल्यांना वाफसा म्हणजे काय ते सांगायला हवे. काळी जमीन मोठी लहरी. पाऊस पडला की ती चिकट लोण्यासारखी होते. पाय घातला तर चपलेला शेरभर चिखल येतो. त्या वेळी औत घातले तर पुढे ऊन पडल्यावर दगडासारखी ढेकळे होतात आणि चाकाखालचा थर आतून आवळून बसतो. उलट चार दिवस कडक ऊन पडले की वरचा थर वाळतो, भेगा पडू लागतात, बियाणे घातले तरी उगवायला ओल पुरत नाही. या दोन टोकांच्या मधे जमीन मुठीत धरली तर गोळा होतो आणि बोटाने दाबला तर भुरभुर फुटतो, अशी एक अवस्था येते. तो वाफसा. काळ्या रानात तो कधी तीन दिवस टिकतो, कधी दीडच. पेरणीपूर्वी ७५ ते १०० मिलीमीटर पाऊस व्हावा असे कृषी विद्यापीठे सांगतात. तो पडून वाफसा आला की गावातल्या दोनशे शेतकऱ्यांना त्याच दिवशी, त्याच सकाळी ट्रॅक्टर हवा असतो. गावात ट्रॅक्टर पाच-सात. मालक आधी स्वतःचे पेरतो, मग मेहुण्याचे, मग ज्याचे दहा एकर सलग आहे त्याचे. चार एकरांच्या चिंचोळ्या पट्टीचा नंबर येईपर्यंत जमीन तडकलेली असते, नाही तर दुसरा पाऊस येऊन पुन्हा चिखल झालेला असतो.

तेव्हा लहान शेतकरी ट्रॅक्टर घेतो तो ताकदीसाठी नव्हे, दिवसासाठी. आपल्या मनाचा एक दिवस तो विकत घेत असतो. एवढे ध्यानात धरले की निवडीचे पुष्कळसे धागे आपोआप सुटतात. ज्या कामाला घाई नाही, त्यासाठी स्वतःचे यंत्र कशाला? खोल नांगरट उन्हाळ्यात होते, एप्रिल-मेमध्ये. आज नाही झाली तर पुढच्या आठवड्यात. तिला दोन फाळांचा पल्टी नांगर आणि पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागतो. तो खुशाल भाड्याने आणावा. घाईची कामे म्हणजे पेरणी, कोळपणी, फवारणी आणि पावसाच्या उघडिपीत मारायची कुळवाची पाळी. ही सगळी कामे हलकी आहेत. पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीत भागणारी आहेत. आणि हलका ट्रॅक्टर ओलसर रानात भारी ट्रॅक्टरच्या आधी उतरू शकतो, जमीन कमी आवळतो, हा आणखी एक फायदा. बापूंच्या मुलाला मोठा हवा तो नांगरटीसाठी आणि, खरे सांगायचे तर, वरातीपुढे लावण्यासाठी.

लोखंडाचा मोह ही गंमतीची गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा शेतकऱ्यांची समजूत अशी की लोखंडाने जमीन नासते. त्यामुळे पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. आज जेवढे लोखंड जड तेवढी इज्जत मोठी, असा उलटा प्रकार आहे.

तसे पाहिले तर आपल्या देशातल्या ट्रॅक्टरचा जन्मही लहान घरातला. १९५९ साली फरीदाबादेत आयशरचा पहिला भारतीय ट्रॅक्टर बाहेर पडला तो साधा, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचा. पुढे हरितक्रांतीच्या पंजाबात मोठाली रानं, गहू आणि भाताची चिखलणी. तिथे जे यंत्र चालले त्याच मापाने सगळ्या देशाकडे पाहिले गेले. इकडे जपानात शेते आपल्याहूनही लहान. कुबोटाने १९६० साली पंधरा अश्वशक्तीचा कोरडवाहू शेतीचा ट्रॅक्टर काढला आणि हातरुमालाएवढ्या शेतात तो फिरवून दाखवला. पुढे अमेरिकेत याच लहान जातीला ‘सब-कॉम्पॅक्ट’ असे नाव पडले. तिथे ही यंत्रे गावाबाहेरच्या बंगल्याभोवतीचे गवत कापतात, पुढे लावलेल्या सुपाने बर्फ लोटतात, घोड्याची लीद उचलतात. पोटाखाली गवत कापायचे पाते आणि पुढे सूप, ही त्यांची खूण. परदेशी राहणारा भाचा कौतुकाने त्यांची चित्रे पाठवतो. ती पाहावीत आणि बाजूला ठेवावीत. आपल्याकडे बर्फ पडत नाही, आणि गवत कापायला शेळ्या आहेत, त्याही उस्मानाबादी!

आपल्याकडे आज लहान ट्रॅक्टरांचा बाजार चांगला भरला आहे. महिंद्राचा युवराज २१५ आणि स्वराज ७१७ हे पंधरा अश्वशक्तीच्या घरातले, एका सिलिंडरचे, बांध्याने एकमेकांचे भाऊ शोभावेत असे. आणि २००७ पासून स्वराज महिंद्राच्याच घरात असल्याने ते भाऊच म्हणा ना. कुबोटाचा निओस्टार ए २११ एकवीस अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा, चारही चाकांना ओढ देणारा. महिंद्राचा जिवो २४५ चोवीसचा, दोन सिलिंडरचा. बेंगळूरच्या व्हीएसटीचे आणि राजकोटच्या कॅप्टनचे ट्रॅक्टरही बागायतदारांत चालतात. स्वराजने २०२१ साली ‘कोड’ नावाचे पेट्रोलवर चालणारे, अकरा अश्वशक्तीचे आणि मीटरभराहूनही अरुंद यंत्र काढले. ते भाजीपाला आणि बागांसाठी. आणि २०२३ च्या १५ ऑगस्टला महिंद्राने जपानी अभियंत्यांच्या साहाय्याने तयार केलेली ‘ओजा’ ही नवी माळ जाहीर केली. एकवीस अश्वशक्तीपासून चाळीसपर्यंत, बारा गिअर पुढे जाण्याचे आणि बारा मागे येण्याचे. हे ट्रॅक्टर तेलंगणातल्या जहीराबादेत होतात. नळदुर्ग-उमरगा हा जो पुणे-हैदराबादचा हमरस्ता, त्यावर पुढे गेले की जहीराबाद. बापूंच्या गावाजवळून रोज जी ट्रॅक्टर भरलेली वाहने जातात त्यांतली काही तिथली असणार.

आता इतक्यांतून निवड कशी करायची? माहितीपत्रकात सगळ्यात ठळक छापलेला आकडा अश्वशक्तीचा असतो. नेमका तोच सगळ्यांत कमी उपयोगाचा. इंजिनाची पंधरा अश्वशक्ती मागच्या फिरत्या दांड्यापर्यंत, ज्याला गावोगाव पीटीओच म्हणतात, पोचेपर्यंत अकरा-बारा उरते. रोटाव्हेटर आणि फवारणीचा ब्लोअर चालतो तो त्या दांड्यावर. तेव्हा विचारायचा आकडा तो. आणि कुळव ओढायचा तर मुद्दा ताकदीचा नसून पकडीचा असतो. साडेसातशे-आठशे किलोच्या ट्रॅक्टरचे चाक भुसभुशीत रानात जागीच फिरू लागले, तर इंजिनात कितीही जोर असून काय उपयोग? म्हणून लहान ट्रॅक्टरला चारही चाकांची ओढ असणे हा चैनीचा भाग नाही. दोन चाकांच्या ओढीचा घेतलात तर मागच्या टायरांत पाणी भरून किंवा लोखंडी वजने लावून काम निभते. फवारणीच्या दिवशी ती वजने उतरवायची आठवण मात्र हवी.

दुसरी गोष्ट रुंदीची. सोयाबीनच्या दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर असते. कोळपणीसाठी ट्रॅक्टर उभ्या पिकात घालायचा तर त्याची चाके ओळींच्या मधोमध पडली पाहिजेत. म्हणजे दोन चाकांमधले अंतर त्या ४५ च्या पटीत बसते का आणि ते मागेपुढे करता येते का, हे पाहायचे. टायर किती रुंद, हेही. पुष्कळांना हे ट्रॅक्टर घरी आल्यावर कळते. मग चाकाखाली एक ओळ चेंगरत जाते आणि दिवसाअखेरीस बापूंचा चेहरा पाहवत नाही. आणखी एक : हल्ली सोयाबीन रुंद वरंब्यावर पेरण्याची पद्धत, जिला बीबीएफ म्हणतात, ती कमी-जास्त पावसात उपयोगी पडते आणि कृषी खातेही तिचा आग्रह धरते. पण ते चार ओळींचे यंत्र साधारण पस्तीस अश्वशक्तीच्या पुढच्या ट्रॅक्टरला लागते. तुम्हाला ते हवेच असेल तर लहान ट्रॅक्टरचा नाद सोडा, किंवा त्या एका कामापुरता मोठा भाड्याने सांगा आणि पुन्हा वाफशाच्या रांगेत उभे राहा. सगळ्या बाजूंनी सोयीचे असे यंत्र अजून कुणी काढलेले नाही.

जमिनीप्रमाणे उत्तर बदलते. तुळजापूरकडे द्राक्षबागा आहेत. तिथे वेलींच्या दोन ओळींत आठ-नऊ फुटांचे अंतर, वर मांडव, खांब आणि तारा. इथे मोठा ट्रॅक्टर शिरतच नाही. चार फुटांच्या आतबाहेरचा, बुटका, वर छत नसलेला हवा. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की दावण्या नावाचा रोग पाने नि घड धरतो, आणि तो दिसायच्या आत औषध जावे लागते. इथला वाफसा दिवसांचा नव्हे, तासांचा. पाठीवर पंप घेऊन दोन माणसे दिवसभर फिरली तरी एक बाग पुरी होत नाही. ट्रॅक्टरमागचा ब्लोअर सकाळच्या आत काम उरकतो. एका हंगामात फवारण्या डझनांनी मोजाव्या लागतात. म्हणून दहा एकर कोरडवाहू सोयाबीनला जो ट्रॅक्टर परवडत नाही तो दोन एकर द्राक्षांना परवडतो. इथे एकवीस ते सत्तावीस अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरचा घ्यावा असे मी म्हणेन. ब्लोअरला सलग, थरथर न करता फिरणारा दांडा लागतो आणि एका सिलिंडरचा धक्का ब्लोअरलाही आणि चालवणाऱ्याच्या कंबरेलाही बाधतो.

तेरणा-मांजरेच्या काठी ऊस असला तर साधे पंधरा अश्वशक्तीचे यंत्र बाळबांधणीला आणि सऱ्यांना उत्तम. फक्त त्याच्या मागे उसाची ट्रॉली लावून कारखान्याला निघू नये. भूम-वाशीकडच्या बालाघाटाच्या उतारांवर तर आणखी जपायला हवे. तिथे दोन चाकांतले अंतर जितके कमी, तितका उलटण्याचा धोका अधिक. आणि नळदुर्गाकडच्या, लोहाऱ्याकडच्या आपल्या अण्णा-बापूंसारख्यांना काय सांगावे? आता पैशांचे बोलू, म्हणजे उत्तर दिसेल.

समजा, अवजारांसह पाच लाख पडले. (‘ओजा’तला सत्तावीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर २०२३ साली पुण्यात ५ लाख ६४ हजार ५०० रुपयांना जाहीर झाला होता, पंधरा अश्वशक्तीचे बरेच स्वस्त असतात. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्याचा फरक दुकानदाराकडून मागून घ्यावा.) दहा वर्षांनी विकताना दीड लाख आले असे धरू. म्हणजे वर्षाला पस्तीस हजार झीज. कर्जाचे किंवा गुंतलेल्या पैशाचे व्याज सरासरी पंचवीस हजार. विमा, ऑइल, फिल्टर, टायर यांचे पंधरा हजार. झाले पंचाहत्तर हजार, डिझेलचा थेंब न जाळता. चार एकरांवर वाटले तर एकरी पावणेएकोणीस हजार. आता आपल्या गावचा भाड्याचा दर लिहा : पाळी, रोटा, पेरणी, फवारणी. कोरडवाहू सोयाबीनला तो याच्या निम्म्यावर जाणेही कठीण. म्हणजे एकट्या अण्णा-बापूंनी ट्रॅक्टर घेऊ नये. बँकेत आयुष्य काढलेल्या अण्णांना हे कागदावर लगेच पटेल.

पण बापूंच्या वाफशाचे काय? तो काही या कागदावर मांडलेला नाही. उशिरा पेरल्याने गेलेले पीक हे खर्चाच्या वहीत कुठेच लिहिले जात नाही, म्हणून शहरातल्या माणसाला ते दिसत नाही. यातला मार्ग मला दिसतो तो असा. बांधाला बांध लागलेल्या तीन-चार चुलतभावांनी मिळून एक घ्यावा. पंधरा एकर झाले की तोच खर्च एकरी पाच हजारांवर येतो. तुम्ही म्हणाल, वाफसा तर सगळ्यांना एकाच दिवशी येणार, मग पुन्हा रांगच! खरे आहे, पण ही चौघांची रांग आहे, दोनशेंची नव्हे. लहान ट्रॅक्टर दिवसाला चार-पाच एकर पेरतो. मुरमाड आधी वाफशावर येते, काळे मागाहून. त्या क्रमाने गेले तर तीन दिवसांत पंधरा एकर आटोपतात. कोणाचे आधी, हे दरवर्षी आळीपाळीने ठरवावे, आणि ते तोंडी न ठेवता वहीत लिहून खाली चौघांच्या सह्या घ्याव्यात. भाऊबंदकीत ट्रॅक्टर बिघडण्यापूर्वी बोलणे बिघडते.

सरकारी मदतही पाहावी. राज्यात महाडीबीटीवर अर्ज करून अल्पभूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ट्रॅक्टरच्या किमतीच्या ५० टक्के, पण १ लाख २५ हजारांपर्यंत, आणि इतरांना ४० टक्के, १ लाखापर्यंत अनुदान मिळण्याची तरतूद आहे. पूर्वसंमती येण्याआधी खरेदी केली तर अनुदान हातचे जाते, हे पक्के ध्यानात ठेवावे. मुहूर्ताच्या घाईने, पाडव्याला ट्रॅक्टर दारात हवा म्हणून, ही चूक फार होते. सातबारा वहिनींच्या किंवा बापूंच्या पत्नीच्या नावे असेल तर अर्ज त्यांनी करावा. निदान त्या निमित्ताने घरातल्या बाईचे नाव कागदावर येईल. अनुसूचित जाती व नवबौद्ध यांच्या बचत गटांसाठी सामाजिक न्याय विभागाची निराळी योजना आहे : नऊ ते अठरा अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर व अवजारे, साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजारांपर्यंत अनुदान. गटाचे अध्यक्ष, सचिव आणि किमान ८० टक्के सभासद त्या समाजाचे असावे लागतात. या योजनेतच सरकारने यंत्र लहान ठरवले आहे, हे मला शहाणपणाचे वाटते. मोठ्या ट्रॅक्टरच्या हप्त्याखाली गट बुडण्यापेक्षा हे बरे.

आता एक नको वाटणारी गोष्ट, पण दिवाळी अंक असला म्हणून ती टाळता येणार नाही. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात शेतमजूर स्त्रियांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत पडला आणि सात जणी गेल्या. मराठवाड्यात बिनकठड्याच्या विहिरी गावोगाव आहेत. लहान ट्रॅक्टर दिसायला खेळण्यासारखा असतो, म्हणून घरची पोरे त्याच्या मडगार्डवर बसतात, वेळ अमावस्येला शहरातले पाहुणे हौसेने ट्रॉलीत चढतात, आणि अण्णांचा नातू “मी चालवू?” म्हणून विचारतो. अरुंद यंत्राला उलटायला वीतभर उंच बांध पुरतो. चालकाच्या मागे उलटण्यापासून राखणारी लोखंडी कमान आणि पट्टा असला तर तो पैसा वाचवू नये. द्राक्षाच्या मांडवाखाली जायचे असेल तर ती कमान दुमडती मिळते का ते विचारावे. फिरत्या पीटीओ दांड्यावरचे प्लॅस्टिकचे झाकण पहिल्याच हंगामात निखळते आणि कोणी पुन्हा बसवत नाही. त्या दांड्यात धोतराचा सोगा, साडीचा पदर, ओढणी अडकली तर हात घालून सोडवायला सवड मिळत नाही. झाकण शंभर-दोनशे रुपयांचे असो की हजाराचे, ते त्याच दिवशी आणावे.

दुकानात जाताना अण्णांनी काय न्यावे? एक मोजपट्टी. दोन बांधांमधले अंतर, फाटकाची रुंदी, ओळींतले अंतर, बागेत मांडवाची उंची हे आधी घरी मोजून कागदावर लिहावे आणि मग दुकानात ट्रॅक्टरला पट्टी लावावी. विक्रेता हसेल, हसू द्यावे. मध्य प्रदेशात बुदनी येथे १९५५ पासून सरकारी ट्रॅक्टर केंद्र आहे. तिथे यंत्रे तपासली जातात आणि त्यांचे अहवाल निघतात. हव्या त्या मॉडेलचा तो अहवाल मागावा. पीटीओवर खरोखर किती ताकद पोचते, उचलायची शक्ती किती, डिझेल किती जळते हे त्यात असते. रंगीत पत्रकात नसते. मग विचारावे, की पंपाचे किंवा हायड्रॉलिकचे काम निघाले तर मिस्त्री कुठून येणार? तुळजापूर, उमरगा, धाराशिव यांपैकी जवळच्या गावी सुटे भाग मिळत असतील तर चार अश्वशक्ती कमी असलेलाही चालेल. सोलापुरावरून मिस्त्री यायला तीन दिवस लागणार असतील तर वाफसा गेलाच की! लहान, तीन सिलिंडरच्या जपानी बांध्याच्या यंत्रांबाबत हे विशेष पाहावे. ती नाजूक नसतात, पण गावच्या मिस्त्रीचा हात त्यांवर बसलेला असेलच असे नाही. एका सिलिंडरचे इंजिन मात्र कोणीही झाडाखाली उघडून बसतो.

आणि दुकानाच्या फरशीवर एक चक्कर मारून समाधान मानू नये. पाऊस झाल्यावर तिसऱ्या दिवशी, काळ्या रानात, मागे आपला स्वतःचा कुळव लावून तो चालवून दाखवायला सांगावे. बहुतेक विक्रेते तयार होतात. सीटवर बापूंनी बसावे, कारण पुढची दहा वर्षे तेच बसणार आहेत. अण्णांनी बांधावर उभे राहून मागची चाके किती वेळा जागीच फिरतात ते मोजावे.